परिपथ बंद असताना

माझं मराठी चांगलं आहे, हा माझा जुना माज. शाळा मराठी माध्यमाची, पुढे डिप्लोमा मात्र इंग्रजीतून. पहिल्या वर्षी इंग्रजीने मला असं काही लोळवलं की मी कायमचा मराठीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा तिथली भाषा ऐकून डोकं तडकायचं. ‘मटेरियल रिजेक्ट मारलं’, ‘मशीन ब्रेकडाउनला गेलं’, ‘शिफ्ट हँडओव्हर करून टाका राव’. वाक्यात मराठी उरायचं ते शेवटच्या क्रियापदापुरतं. कँटीनच्या भिंतीवर ‘हात धुवुन जेवन करावे’ असा बोर्ड होता. मी खिशातलं मार्कर काढलं, ‘वु’ दीर्घ केला, ‘न’चा ‘ण’ केला. लोक हसले, दोघांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. मी वर मान करून हिंडायचो. पुढे जे झालं त्याची सुरुवात या माजातच आहे, म्हणून तो आधी सांगून टाकला.

आमच्याकडे बल्ब बनत. घरातले नव्हेत, दुचाकीचे: इंडिकेटरचे, आणि मागच्या लाल काचेत असतो तो ब्रेकचा. बोटाच्या पेराएवढी काच, खाली पितळी टोपी, टोपीच्या तळाला सोल्डरचा टिपका. बल्ब म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. बॅटरीच्या एका टोकातून करंट निघतो, जाड तारेतून आरामात येतो आणि काचेच्या आतल्या केसासारख्या बारीक वेटोळ्यात शिरताना त्याची कोंडी होते. त्या कोंडीत तार तापते, आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी. काचेतली हवा काढून घेतलेली असते म्हणून ती तापते पण जळून जात नाही. एवढं करून करंट दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि बॅटरीकडे परत जातो. परतीची वाट कुठे तुटलेली असली तर तो निघतच नाही, बल्ब काळा राहतो. शाळेतल्या पोरांना हे एका तासात शिकवतात. आमच्या लाइनवरच्या बत्तीस बायका वर्षानुवर्षं हेच हाताने करत होत्या, आणि त्यांना ते कुणी कधी शब्दांत सांगितलं नव्हतं.

लाइनच्या शेवटच्या टेबलावर एक मावशी बसायच्या. सगळेच त्यांना मावशी म्हणायचे, मीही. पलीकडच्याच गावच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन सासऱ्यांच्या काळातच कंपन्यांना गेली होती आणि मावशी त्यातल्याच एका कंपनीत कामाला येत होत्या. नवरा पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करताना कंबर धरून बसला तो पुन्हा उठून कामाला गेला नाही. एकच मुलगी, तिला नर्सिंगला घालायचं मावशींच्या डोक्यात होतं. घर त्यांच्या एकटीच्या हातावर चाललेलं.

त्यांचं काम तपासणीचं. समोर एक होल्डर, त्याला बॅटरीच्या दोन तारा. बल्ब होल्डरमध्ये दाबायचा, तो लागतो, काळ्या काचेतून क्षणभर बघायचं, चांगला असेल तर उजव्या ट्रेमध्ये, नसेल तर डाव्या. ब्रेकच्या बल्बमध्ये दोन वेटोळी असतात, एक मंद आणि एक प्रखर, ती दोन्ही बघायची. दिवसभर हेच. मी नवीन असताना एकदा त्यांनी एका पेटीतले बरेचसे बल्ब डाव्या ट्रेमध्ये टाकले. मी हातात घेऊन बघितले, सगळे व्यवस्थित लागत होते.

“मावशी, हे तर चांगले आहेत.”

“लागत्यात सर, पर उजेड आजारी हाय त्यांचा.”

मला हसू आलं. क्वालिटीच्या माणसानेही मीटर लावून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच बल्ब पुन्हा लावले तर एकेक करून आतून पांढरे पडले. काचेला दिसणार नाही एवढी चीर होती, तिच्यातून रात्रभरात हवा शिरली होती आणि तार त्या हवेत जळाली होती. तेव्हापासून मावशींनी डावीकडे टाकलेल्या बल्बला मी कधी हात लावला नाही.

मग बल्बचे दिवस संपले. गाड्यांना एलईडी लागायला लागले. दर महिन्याला ऑर्डर कमी व्हायची. शेवटी हेड ऑफिसहून पत्र आलं की बल्बची लाइन दिवाळीनंतर काढायची आणि त्या जागी एलईडीची बसवायची. नव्या लाइनला माणसं कमी लागणार होती, तरी जुन्या बायकांना आधी संधी द्यायची असं ठरलं. हे ऐकून आम्हाला सगळ्यांना जरा धीर आला. पण माल घेणाऱ्या गाडीवाल्या कंपनीची अट होती की नव्या लाइनवरच्या प्रत्येकीला विजेचं प्राथमिक ज्ञान असलं पाहिजे, आणि तसा कागद फाइलला असला पाहिजे. म्हणजे लेखी परीक्षा. वीस प्रश्न, बारा बरोबर आले की नवी लाइन. कमी आले की कंत्राट संपलं. मावशींसकट जवळजवळ सगळ्या इतकी वर्षं कंत्राटावरच होत्या, हे सांगायला नकोच.

मी एचआरच्या मॅडमना म्हणालो की तोंडी घ्या, नाहीतर करून दाखवायला सांगा, यातल्या बऱ्याच जणींची लिहिण्या-वाचण्याची सवय सुटली आहे. मॅडम पुण्याच्या, वयाने लहान, वागायला सरळ. त्या म्हणाल्या, “सर, मला पटतंय, पण ऑडिटला पेपर दाखवावा लागतो. तोंडी परीक्षेची फाइल कशी बनवू?” त्यांचंही बरोबरच होतं.

पंधरा दिवस पहिली शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास कँटीनमध्ये मी वर्ग घेतला. एका फळीवर बॅटरी, एक बटण आणि आमचेच दोन बल्ब बसवून घेतले. करंट म्हणजे काय, तो कुठून निघतो, कुठे जातो, सगळं त्या फळीवर दाखवलं. शिकवताना मात्र मी त्यांच्याच भाषेत बोललो, कारण दुसरं काही बोललो असतो तर समोरच्या बायका उठून कंपनीच्या बसकडे गेल्या असत्या. सर्किट जोडलं, सर्किट तुटलं, बटण चालू, बटण बंद.

मावशींची सातवी झालेली. वही आणायच्या पण लिहायच्या नाहीत, हात मांडीवर ठेवून फळीकडे बघत बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “म्हंजी सर, करंट गेला तसा त्याला माघारी याया वाट पायजे. वाट मोडली की त्यो घरातनं निघतच न्हाई.”

“अगदी बरोबर, मावशी.”

मग मी दोन बल्ब एकामागे एक जोडले आणि त्यातला एक काढला. दुसराही गेला. बायका “अगं बया” म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, “गाडीला असं नसंल जोडलेलं. न्हाईतर एक इंडिकेटर उडाला की ब्रेकलाइट बी जाईल.” मी अजून समांतर जोडणीपर्यंत पोचलोच नव्हतो. ती त्यांनी मी न शिकवताच सांगितली होती. आणखी एकदा मी विचारलं की बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतो, लागलेला असताना का नाही. मावशी म्हणाल्या, “थंड तारंला पयलाच झटका लई जोराचा बसतो. त्यात जी टिकली ती टिकली.” डिप्लोमाला मला हे कळायला एक वर्ष जास्त लागलं होतं.

मावशी पास होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, “पोरीची फी हाय सर. लागलं पायजे एवडं.”

पेपर हेड ऑफिसने पाठवला, इंग्रजीत. मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. “सर, ह्याचं ट्रान्सलेशन तुम्हीच करा ना प्लीज. तुमच्यासारखं शुद्ध मराठी इथे कुणालाच येत नाही.”

मी फुगलो. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत कंपनीने माझ्या मराठीची पहिल्यांदा दखल घेतली होती. रविवारी दुपारी आकुर्डीच्या घरी जेवण झाल्यावर मी टेबल ओढून बसलो आणि शाळेच्या पुस्तकातले शब्द एकेक करून आठवायला लागलो. ते येत गेले तसा मला खरोखर आनंद होत गेला. विद्युतप्रवाह. रोध. एकसर जोडणी. समांतर जोडणी. सर्किटला परिपथ. क्लोज्ड सर्किटला बंद परिपथ, ओपनला खुला परिपथ. वर एक ओळ टाकली, ‘परिपथ म्हणजे सर्किट’, म्हणजे कुणी अडायला नको. संध्याकाळपर्यंत दोन पानं स्वच्छ टाइप करून झाली. एक शुद्धलेखनाची चूक नव्हती.

चौथा प्रश्न होता: परिपथ बंद असताना दिवा (अ) पेटेल, (ब) पेटणार नाही, (क) मंद पेटेल, (ड) सांगता येत नाही. पाचवा, बंद परिपथातून विद्युतप्रवाह वाहतो की नाही. आणि नववा, परिपथ खुला केल्यास दिव्याचे काय होईल.

परीक्षा कँटीनमध्येच झाली. मी देखरेखीला. बायका लांब लांब बसवल्या होत्या, पंखे घरघरत होते, कुणी पेन तोंडात धरून छताकडे बघत होतं. मावशी बोट ठेवून एकेक शब्द वाचत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. मी गेलो.

“सर, ह्ये परिपथ बंद म्हंजी आपलं सर्किट बंदच ना?”

परीक्षेत शंका विचारू नका असं माझं दोनदा सांगून झालं होतं, आणि वर ओळ लिहिलेली असताना पुन्हा तेच विचारल्यामुळे मला जरा चीडही आली होती. मी म्हणालो, “हो मावशी. परिपथ म्हणजे सर्किट आणि बंद म्हणजे बंद. मराठीच तर आहे.”

त्यांनी मान हलवली आणि ‘ब’वर गोल केला. मी तो बघितला. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण मी तोवर पुढच्या टेबलाकडे वळलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर तपासायला बसलो. उत्तरांचा तक्ता हेड ऑफिसचाच. पहिला पेपर: चौथा चूक, पाचवा चूक, नववा चूक. दुसरा पेपर: तेच. तिसरा: तेच. मला राग यायला लागला, पंधरा दिवस काय भिंतीला शिकवलं का मी? सातवा-आठवा पेपर हातात असताना मी पुन्हा एकदा चौथा प्रश्न वाचला, मनातल्या मनात नाही, ओठ हलवून. परिपथ बंद असताना दिवा.

आपल्याकडे बंद म्हणजे काय? बटण बंद, म्हणजे दिवा गेला. नळ बंद, म्हणजे पाणी थांबलं. तळेगाव रस्त्यावर खोदकाम काढलं की ‘रस्ता बंद’ अशी पाटी लागते, तिथून कुणी जात नाही. आणि खुला म्हणजे मोकळा, जायला वाट आहे असा. जगात एकच जागा आहे जिथे बंद असलं की वाहतं आणि खुलं असलं की थांबतं. ती जागा म्हणजे आठवीचं विज्ञानाचं पुस्तक. बायका जे मराठी जन्मभर बोलत आल्या त्यातून त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. मावशींनी तर विचारून घेतलं होतं. मीच वर उभं राहून सांगितलं होतं, बंद म्हणजे बंद.

उरलेले पेपर भराभर बघितले. बत्तीसपैकी तिघींचे तेवढे प्रश्न बरोबर होते. त्यातल्या एकीने सगळ्याच प्रश्नांना ‘अ’ लिहिलं होतं. बाकीच्यांचे तीन-तीन गुण गेले होते, पण बऱ्याच जणी इतर प्रश्नांवर तरल्या होत्या. चौघी मात्र त्या तीन गुणांनीच बुडाल्या होत्या. त्यांतल्या एक मावशी, त्यांना दहा होते. त्यांना वाचायला वेळ लागायचा, त्यामुळे शेवटचे काही प्रश्न कोरे राहिले होते. दहा आणि तीन तेरा. बारा लागत होते.

घरी गेलो. बायको पोळ्या करत होती. मी दारात उभं राहून विचारलं, “परिपथ बंद असला तर दिवा पेटेल का?”

“परिपथ म्हणजे?”

“सर्किट.”

“बंद असेल तर कसा पेटेल? डोकं फिरलंय का तुमचं?”

ती बी.कॉम. आहे. तिने दोनदा विचारलं काय झालं म्हणून, मी कामाचं आहे म्हणून उडवून लावलं.

शनिवारी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “शब्द चुकीचा आहे का, सर?”

“नाही. शब्द बरोबर आहे. पुस्तकात हाच आहे.”

“मग?”

“पण बोलताना कुणी त्या अर्थाने वापरत नाही. मी परीक्षेच्या वेळीही चुकीचं सांगितलं.”

मॅडमनी जरा विचार केला. “असं करा, मला लिहून द्या. माझ्या भाषांतरात चूक झाली, परीक्षेत माझ्याकडून चुकीची सूचना गेली, एवढंच. त्याच्यावर मी पेपर पुन्हा घेण्याची परवानगी मागते. पण सर, हेड ऑफिसला तुमचं नाव घालून द्यावं लागेल. कारण द्यावंच लागतं.”

किती सोपं होतं. दोन ओळी लिहायच्या आणि खाली सही. मावशी आणि बुडालेल्या बाकीच्या तिघी पुन्हा बसल्या असत्या, प्रश्नात ‘सर्किट जोडलेलं असताना’ असं असतं आणि मावशींनी डोळे मिटून बरोबर उत्तर दिलं असतं. पण त्याच आठवड्यात नव्या लाइनचा इन्चार्ज कोण, यासाठी माझं नाव हेड ऑफिसला गेलेलं होतं. त्याच टेबलावर माझ्या चुकीचं पत्र जाणार होतं. आणि दुसरं कारण त्याहून हलकं आहे. माझं मराठी चुकलं असं माझ्या सहीने लिहून देणं माझ्या जिवावर आलं. शब्द बरोबर होता ना! मी बरोबर होतो! या दोन्हींपैकी मी कशाला जास्त घाबरलो ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“सोमवारी देतो,” मी म्हणालो.

रविवारी मी ते लिहिलं नाही. दिवसभर लिहायचं लिहायचं म्हणत टीव्ही बघत बसलो. सोमवारी गेटच्या आत शिरलो तर टाइम ऑफिसच्या काचेवर यादी लागलेली होती. मॅडम मला बघून थांबल्यासुद्धा, “सर, ते लेटर?” मी म्हणालो, “बघतो.” यादी लागली म्हणून काही सगळं संपलं नव्हतं, त्यांनी तसं म्हटलंही नाही. पण मी मनाशी ठरवून टाकलं की आता उशीर झाला, आणि तसं ठरवल्यावर मला चक्क हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला आजही किळस येते.

मावशी यादीपुढे उभ्या होत्या. बोट ठेवून वरून खाली गेल्या, मग पुन्हा खालून वर. मग माझ्या टेबलाशी आल्या.

“सर, माझं कुटं चुकलं?”

“थोडक्यात गेलं, मावशी.”

“कुटला सवाल?”

“होते दोन-तीन.”

त्या उभ्याच राहिल्या. त्यांना भांडायचं नव्हतं, वर नाव लावून द्या असंही म्हणायचं नव्हतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, जसं वर्गात जाणून घ्यायचं होतं. मी फोन उचलला आणि स्टोअरला लावला. स्टोअरमध्ये माझं काही काम नव्हतं. पलीकडून हॅलो हॅलो होत राहिलं आणि मी कुठल्यातरी खोक्यांबद्दल विचारत राहिलो. मावशी थोडा वेळ थांबल्या आणि परत आपल्या टेबलावर गेल्या.

लाइन काढेपर्यंत अजून तीन आठवडे होते. तेवढे दिवस त्या रोज आल्या. वेळेवर आल्या, नेहमीसारखा एकेक बल्ब होल्डरमध्ये दाबला, बघितला, उजवीकडे-डावीकडे ठेवला. मी त्यांच्यामागून जाताना दर खेपेला तेच बघायचो. बल्ब दाबला की सर्किट बंद होत होतं, पुस्तकातल्या अर्थाने, आणि दिवा पेटत होता. त्या बाईने आपल्या हाताने जितक्या वेळा परिपथ बंद केला असेल तितक्या वेळा ते पुस्तक लिहिणाऱ्यानेही केला नसेल. दोन-तीनदा मी त्यांच्या टेबलाशी थांबलो, सांगावं म्हणून. दर वेळी त्यांनी वर बघितलं आणि मी “चालू दे, चालू दे” म्हणून पुढे गेलो.

शेवटच्या दिवशी बायकांनी पेढे वाटले, फोटो काढले, थोड्या रडल्या. मावशींनी मला नमस्कार केला. मी त्यांना मुलीच्या शिक्षणाचं विचारलं, त्या म्हणाल्या, बघू. मशीन न्यायला क्रेन आली होती म्हणून आम्हाला सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, त्यामुळे बोलणं तेवढ्यावरच राहिलं.

मी इन्चार्ज झालो. नव्या लाइनवर बायका कमी झाल्या, मग मशीनं वाढली तशा आणखी कमी झाल्या. पेपर पास झालेल्यांपैकीही आता थोड्याच उरल्यात. एलईडीचे बोर्ड भिंगाखाली बघतात, चाचणी कॅमेरा करतो. विजेच्या प्राथमिक ज्ञानाची फाइल माझ्या कपाटात आहे. ऑडिटला आलेल्या माणसाने ती एकदा मागितली, उघडली, पानं मोजली आणि परत दिली. तो मराठी नव्हता. पेपर वाचायचा प्रश्नच नव्हता.

मध्यंतरी मेव्हण्याने पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही गेलो. बायको पुढे वर गेली, मी गाडी लावून खालच्या लॉबीत आलो. निळ्या एप्रनमधल्या एक बाई मॉप घेऊन फरशी पुसत होत्या. मी लिफ्टचं बटण दाबलं तेवढ्यात मागून आवाज आला, “सर! वळखलं का?”

मावशी होत्या. वाळल्या होत्या, केस पुष्कळ पांढरे झाले होते. पण चेहऱ्यावर मला बघून झालेला आनंद अगदी खरा होता. चाळिशी उलटलेल्या बाईला चाकणमध्ये आता कोणी गेटच्या आत घेत नाही, म्हणून त्या संत तुकाराम नगरला बहिणीकडे राहायला आल्या होत्या आणि एका एजन्सीतर्फे सोसायट्यांची साफसफाई करत होत्या. नवरा गावीच. माझी, घरच्यांची, लाइनवरच्या बायकांची एकेकीची त्यांनी चौकशी केली.

“मुलगी काय करते? नर्सिंग झालं का?”

“एक वरीस झालं, मंग सोडलं. झेपंना. आता मॉलमधी कापडाच्या दुकानात हाय.” त्या हसल्या. “म्या तिला म्हनलं, माज्यावर गेलीस तू. माजं बी डोकं तसलंच. सरांनी पंधरा दिस जीव तोडून शिकिवलं, तरी साधा बल्ब कसा लागतो ते मला कळलं न्हाई. इतकी वर्सं नुसता हातच चालला सर. मला वाटायचं, मला येतंय. लई वाटायचं. पर पेपरला बसल्यावर कळलं, आपन ढ हाय.”

त्यांनी हे कडवटपणे म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते आपल्या वयाबद्दल किंवा उंचीबद्दल बोलावं तसं म्हटलं. त्यांचं त्यावर काही म्हणणं उरलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. मावशी, तुमचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न चुकीचा होता. आता माझं कुठलं नाव कुठे जायचं नव्हतं, पत्र लिहायचं नव्हतं, हेड ऑफिसला कळायचं नव्हतं. फुकटात सांगता आलं असतं. मुलीला जाऊन त्यांनी ते सांगितलं असतं. पण त्या वाक्यानंतर मावशींनी मला विचारलं असतं की सर, मग तवाच का न्हाई सांगितलं, आणि त्यावर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

लिफ्ट आली.

“असं काही नसतं मावशी,” मी म्हणालो. “नशिबाचा भाग असतो.”

“व्हय, त्ये बी हाय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. पार्किंगमधून येताना माझ्या बुटांची माती सगळ्या ओल्या फरशीभर उमटली होती. “सर, जरा बाजूला व्हता का? सुपरवायझर बगंल.”

मी बाजूला झालो आणि त्यांनी माझ्या पावलांचे ठसे पुसून काढले.